आधीचं पान

मुलांची चित्रपुस्तकं आणि नव्या जमिनीवर पहिलं घर बांधणारी कुटुंबं, असा आजचा विषय आहे. एका मुलापासून सुरुवात करतो.

वेल्ह्याकडच्या एका शाळेत मी एक अमेरिकन चित्रपुस्तक घेऊन गेलो होतो. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या गोष्टींवरून लहानांसाठी केलेलं. छपराची घोडागाडी, तीत आई, बाप, मुली, भांडीकुंडी. दुसरीतल्या एका मुलाने सामानावर बोट ठेवलं. "यांचं गाव पाण्यात गेलं का?"

मी म्हणालो, "नाही रे, नवी जमीन बघायला चाललेत."

"मग जुनी कुणाला दिली?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. गुरुजींनी नंतर सांगितलं, की त्याच्या पणजोबांचं घर पानशेतच्या पाण्याखाली आहे. घरातले थोडे दौंडकडे गेले, थोडे डोंगराच्या अंगाने वर सरकले. त्याच्या लेखी सामानाने भरलेल्या गाडीचा अर्थ एकच होता. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या पुस्तकाला विचारायचा प्रश्न मला सुचला नव्हता.

या पुस्तकांचा मी शत्रू नाही, बरं का. त्यांत काम दिसतं. वाइल्डरबाईंच्या पहिल्या पुस्तकात, १९३२ च्या, आई हिवाळ्यात फिकं पडणारं लोणी गाजराच्या रसाने पिवळं करते. एवढ्या एका तपशिलात ऋतू, दूधदुभतं आणि बाईची हौस, सगळं येतं. राब भाजणं, इरलं विणणं, एका छपराखाली गुरं आणि माणसं, हे इतक्या निगुतीने आपल्या चित्रपुस्तकांत आलेलं मला फार थोड्या वेळा दिसलं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' बघा. घरातल्या माणसांची ओळख एकेक करून होते. कुटुंब म्हणजे काय, हे मुलाला व्याख्येशिवाय कळतं. पण राधाचं घर आधीच उभं आहे. ते कुणाच्या जागेवर उभं राहिलं, हा त्या पुस्तकाचा विषय नाही, आणि नसावाही.

वसाहतीच्या पुस्तकाचा मात्र तोच विषय असतो. बाप कुऱ्हाड चालवतो, ओंडके रचतो, घर होतं. जॉन लॉकने १६८९ मध्ये जो युक्तिवाद मांडला, की श्रम मिसळले की जमीन आपली, तो इथे सहा वर्षांच्या मुलाला चार चित्रांत पटतो. पटणारच, घाम दिसतो ना! ती जमीन आधी कुणाची होती ते दिसत नाही. इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये उतरलं ती जमीन ओसेज लोकांची होती. १९३५ च्या पुस्तकात तिथे माणसं नाहीत, फक्त इंडियन आहेत, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५२ साली एका वाचकाने हरकत घेतली, तेव्हा 'माणसं' काढून 'वसाहतवाले' असा शब्द घातला गेला. सतरा वर्षं कुणाला खटकलं नव्हतं. २०१८ मध्ये तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने बाईंच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. मला विचाराल तर नाव बदलण्यापेक्षा ते वाक्य मुलांसमोर ठेवून बोलणं जास्त उपयोगाचं.

आता हसू नका, आपलंही तेच आहे. ओसाड पुणं, बाल शिवाजी, जिजाऊ आणि सोन्याचा नांगर हे चित्र तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नांगर सोन्याचा असल्यामुळे डोळे तिथेच जातात. पण पडीक जमीन सोन्याच्या फाळाने लागवडीला येत नाही. ती आली कौलावर. पहिली वर्षं सारा हलका, मग चढत जाणारा, त्याला इस्तावा म्हणत. त्या भरवशावर कुटुंबं बैल घेऊन आली. ती कुठून आली, काय सोडून आली, त्यांचं चित्र कुठे आहे?

आणि आपल्याकडे शब्द किती नेमके होते! वस्तीची पांढरी, शेताची काळी. वंशपरंपरेने कसणारा मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा उपरी. नुसत्या घामाने उपऱ्याचा मिरासदार होत नसे. वाद उठला तर गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. हक्कासाठी शेजाऱ्यांनी 'हो' म्हणावं लागे. लॉकच्या गोष्टीत शेजारी नाहीतच. अर्थात आमच्या गोतसभेत रानातल्या कातकऱ्याला कोण विचारत होतं, हेही विचारलं पाहिजे. पणजोबा इथे मिरासदार, दौंडला उतरले ते उपरी. एका पिढीत एकाच माणसाची दोन्ही चित्रं होतात.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. अमेरिकन पुस्तक वापरा, पण पहिल्या पानाच्या आधीचं पान मुलांकडून काढून घ्या. गाडी निघाली ते घर, आणि गाडी पोचायच्या आधीची ती जागा. त्या वर्गात आम्ही हे केलं. त्या पोराने दोन्ही पानांवर घरं काढली. पहिल्या पानावरच्या घराला निळा रंग दिला, दारापर्यंत. दुसऱ्या पानावर घराशेजारी एक माणूस उभा होता. हा कोण, असं विचारलं तर म्हणाला, "तिथला."