वार्षिक तक्त्यातील ‘वाचक’

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ह्या वाक्प्रचाराशी ज्याची सांगड घातली जाते ते पेडगाव भीमाकाठचे. परभणी जिल्ह्यातील पेडगाव निराळे. तथापि सार्वजनिक ग्रंथालयाचा वार्षिक आकडेवारीचा तक्ता कोणत्याही गावी भरला जावो, थोडेफार वेड पांघरावेच लागते.

महाराष्ट्राचा ग्रंथालय अधिनियम १९६७ चा व त्याखालील अनुदान-नियम १९७० चे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन तदनुसार अनुदान मिळते. म्हणून ग्रंथसंख्या व सभासदसंख्या ह्या आकड्यांवर ग्रंथालयाचा योगक्षेम अवलंबून असतो. वर्गणी भरणारा तो सभासद व सभासद तोच वाचक, असे मात्र ह्यात गृहीत धरले जाते.

‘वाचणे’ हे क्रियापद संस्कृत ‘वाचयति’पासून आले, त्याचा मूलार्थ ‘बोलावयास लावणे’. पोथीस बोलते करणारा एक व ऐकणारे अनेक, ही आपली जुनी रीत श्रावणात पोथी लावणाऱ्या गावांत अद्याप मोडलेली नाही. तेथे एका प्रतीमागे दहा श्रोते असले तरी नोंद एकाचीच होते. उलट वर्गणी भरून वर्षभर न फिरकणारा पुरता एक गणला जातो. हा दोष बेरजेचा नसून संज्ञेचा होय.

सभासद, ग्रंथ घरी नेणारा, जागेवर वाचणारा व श्रोता ह्यांच्या व्याख्या तक्त्यातच देऊन प्रत्येकास निराळा रकाना द्यावा. रोजची मोजणी एकट्या ग्रंथपालास झेपणार नाही. वर्षातील एक नेमका सप्ताह पुरे. अनुदान मात्र ह्या नव्या आकड्यांशी लगेच जोडू नये. अन्यथा श्रोतेही कागदावरच जन्मास येतील.