टाकाऊ नव्हे, टिकाऊही नव्हे

भंगारातून घडवलेल्या शिल्पांबद्दल मराठीत लिहायला बसले की ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपोआप लेखणीखाली येतात. शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून ते आपल्या कानात बसले आहेत. एल अनात्सुई यांच्या कामाचा माग घेताना मात्र मला हे दोन्ही शब्द अडचणीचे वाटू लागले. त्या अडचणीचे कारण त्यांच्या कलाकृतींइतकेच त्यांच्या कार्यशाळेच्या वाढीत आहे.

घानात १९४४ साली जन्मलेले अनात्सुई १९७५ पासून नायजेरियातल्या न्सुक्का येथील विद्यापीठात शिकवत होते. आधी मातीत फुटक्या मडक्यांचे आकार, मग १९८० नंतर यांत्रिक करवतीने कापलेल्या, डागलेल्या लाकडी फळ्या, असा त्यांचा प्रवास. १९९८ च्या सुमारास न्सुक्काच्या आसपास त्यांना दारूच्या बाटल्यांच्या झाकणांनी भरलेली एक पिशवी सापडली. तिचे काय करायचे ते लगेच सुचले नाही. काही काळ ती तशीच पडून राहिली. त्याच सुमारास ते दुधाच्या डब्यांची झाकणे आणि कसावा किसायच्या गंजक्या किसण्या जोडून पाहत होते. मग या ॲल्युमिनियमच्या झाकणांची पाळी आली. ती ठोकून सपाट करायची, कापायची, पिळायची, दुमडायची, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधायची. पत्र्याचे कापड होऊ लागले. ब्रिटिश म्युझियमने घेतलेली ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वुमन्स क्लॉथ’ ही याच पहिल्या काळातली.

आता ‘टाकाऊ’कडे पाहू. ती पहिली पिशवी सोडली तर पुढची झाकणे उकिरड्यातून वेचलेली नाहीत. दारू गाळणाऱ्यांकडून आणि भंगारवाल्यांकडून ती पोत्यांनी येतात, तीही पैसे मोजून. शिवाय त्यांच्यावर नावे असतात: ‘बकासी’, ‘एकोमॉग’, ‘डार्क सेलर’. बकासी हा नायजेरिया आणि कॅमेरून यांच्यातल्या वादाचा भूभाग, तर एकोमॉग हे पश्चिम आफ्रिकी देशांच्या शांतिसेनेचे नाव. युद्ध आणि सीमातंटा तिथे दारूच्या लेबलावर येऊन बसतो. त्याच्याही मागे जुना इतिहास आहे. युरोपीय व्यापारी दारू घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आले; माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार गेली; तिकडच्या उसाची रम पुन्हा व्यापारात फिरली. एवढे ओझे वाहणाऱ्या वस्तूला टाकाऊ म्हणणे म्हणजे ती न वाचताच बाजूला सारणे. आपल्या कामाला पुनर्वापर म्हणण्याविषयी स्वतः अनात्सुईही नाखूश असतात, ते मला पटते.

काम वाढले तशी माणसे वाढली. न्सुक्कातले तरुण, विद्यार्थी, सुटीत येणारी मुले असे करत कार्यशाळेतले हात डझनांनी मोजावे लागले. मदतनीस बसून तुकडे जोडतात, त्यांचे ठोकळे तयार होतात. अनात्सुई ते जमिनीवर मांडतात, फोटो काढतात, हलवतात, पुन्हा मांडतात. ही नुसती उत्पादनाची सोय असती तर तिच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नव्हते. पण कामाजवळ उभे राहिले की दिसते, एका पट्ट्यातली तार घट्ट, शेजारच्यातली सैल. एकाचे पीळ बारीक, दुसऱ्याचे आडदांड. प्रत्येक हाताचा टाका वेगळा पडतो आणि त्या फरकातूनच पत्र्याला झोळ येतो. (आपल्याकडे गोधडी चौघींनी मिळून घातली तर धावदोऱ्यावरून कोणती बाजू कोणाची ते ओळखू येते, तसेच काहीसे.) सगळे टाके सारखे पडले असते तर हा पडदा सपाट लोंबला असता. म्हणून माझ्या मते इथे कार्यशाळेची वाढ हीच शैलीची वाढ आहे.

आणि म्हणूनच एक प्रश्न टोचत राहतो. २००७ च्या व्हेनिस बिएनालेतल्या ‘डुसासा’ या कामांचे नाव त्यांच्या एवे भाषेतले आहे. गावकऱ्यांनी मिळून जोडलेले ठिगळकाम असा काहीसा त्याचा अर्थ. नाव सामूहिक, पण कामाखालच्या पाटीवर शिल्पकार एकच. ओतकामाच्या भट्टीतल्या कारागिरांची नावेही पाटीवर येत नाहीत, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. ओतकाम करणाऱ्याचे कौशल्य हाताची खूण पुसण्यात असते. इथे खूण राखली जाते, तिच्याचमुळे काम उभे राहते. कार्यशाळेने गावात रोजगार आणला ही मोठी गोष्ट आहे, पण श्रेयाचा हिशेब तिने मिटत नाही. काही मधल्या काळातल्या कामांत सोनेरी झगमगाट इतका आहे की ती श्रीमंत दालनाच्या भिंतीला फारच शोभून दिसतात. तिथे मी थोडा दूरच राहतो.

‘टिकाऊ’चे काय? दिल्लीत सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. सुटे भाग, सळया, पाइप यांना तिथे ताजमहाल आणि आयफेल टॉवर व्हायचे आहे. कसब आहे, गर्दीही होते; पण रूप आधीच ठरलेले, भंगाराने फक्त हुकूम पाळायचा. अनात्सुईंचे काम याच्या अगदी उलट. ते घडी घालून पेटीतून जाते आणि कसे टांगायचे, कुठे चुणी पाडायची हे बहुतेक वेळा तिथली माणसे ठरवतात. पुढच्या शहरात तेच काम वेगळे दिसते. न्सुक्कात सुरू झालेले अनेक हातांचे काम असे टांगणाऱ्यांच्या हातांपर्यंत पोहोचते.

२०२३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलमध्ये ‘बिहाइंड द रेड मून’ टांगले गेले. ज्या हेन्री टेट यांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांची संपत्ती साखरेच्या धंद्यातली. दारूच्या झाकणांना इथे बोलका शेजार मिळाला. तीन भागांतला शेवटचा ‘द वॉल’ म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत आलेला काळा पडदा. त्याला वळसा घालून मागे गेले की काळ्याच्या जागी रुपेरी आणि रंगीबेरंगी तुकडे दिसतात, आणि त्यांना धरून ठेवणारी तार.