एटरबेकचे दोन चित्रकार

ब्रुसेल्स शहराला चिकटून एटरबेक नावाची एक वस्ती आहे. २२ मे १९०७ रोजी तेथे झॉर्झ रेमी नावाचा मुलगा जन्मला, आणि ३ जानेवारी १९२४ रोजी त्याच वस्तीत आंद्रे फ्रांकँ जन्मला. पहिल्याने आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून, त्यांच्या फ्रेंच उच्चारावरून, 'एर्जे' हे टोपणनाव घेतले आणि टिनटिन निर्माण केला. त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. लंडनच्या मेथ्युएन प्रकाशनाने १९५८ पासून टिनटिनची इंग्रजी पुस्तके काढली, ती आपल्याकडे आली. बंगाली मुलांना तर तो १९७५ पासून 'आनंदमेला'तून त्यांच्याच भाषेत भेटू लागला. फ्रांकँचे नशीब असे नव्हते. त्याच्या गास्तोंची पुस्तके इंग्रजीत नेमाने येऊ लागली ती २०१७ पासून, म्हणजे चित्रकार जाऊन वीस वर्षे लोटल्यावर. त्यामुळे युरोपातील चित्रकथा म्हटली की आपल्या तोंडी टिनटिन येतो, फार तर अ‍ॅस्टेरिक्स येतो, आणि यादी तेथेच आटोपते. मला या दोन गाववाल्यांना शेजारी शेजारी बसवून पाहावयाचे आहे. फ्रेंच मला येत नाही. पण या दोघांची खरी भाषा रेघ आहे, आणि रेघ वाचायला कोश लागत नाही.

एर्जेची रेघ प्रथम पाहू. ती सगळीकडे एकाच जाडीची असते. समोरचा दगड, कॅप्टन हॅडॉकचे नाक, मागचा डोंगर, सर्वांना सारखाच मान. सावली जवळजवळ नाही, रंग सपाट. पुढे १९७७ मध्ये योस्त स्वार्ते या डच चित्रकाराने या पद्धतीला 'स्वच्छ रेघ' असे नाव दिले आणि ते रूढ झाले. या स्वच्छतेचा फायदा असा की आठ वर्षांचे मूलही चित्रात वाट चुकत नाही. त्यातली आणखी एक युक्ती पाहण्यासारखी आहे. टिनटिनचा चेहरा म्हणजे एक लंबगोल, दोन ठिपके आणि कपाळावरचा तो उभा झुबका, बस्स! पण त्याच्या भोवतालची मोटार, विमान, जहाज, टेलिफोन ही मात्र खऱ्या वस्तू पुढे ठेवून काढलेली. जग पक्के आणि नायक मोकळा. त्या मोकळ्या चेहऱ्यात वाचणारे प्रत्येक पोर स्वतःला घालून मोकळे होते. शिवाय ही गोष्ट नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने येत असे, त्यामुळे प्रत्येक हप्त्याच्या शेवटी काहीतरी अडायचे: दार उघडायचे, दिवा जायचा, कोणी तरी हाक मारायची. आम्ही कादंबरीकार प्रकरणाच्या शेवटी जे साधण्यासाठी पानेच्या पाने खर्च करतो ते हा गृहस्थ एका चौकटीत साधतो, याचा मला हेवा वाटतो.

पण या रेघेचा एक धोका आहे, आणि टिनटिनवर लिहिणारे पुष्कळ लोक तो हलक्या हाताने झाकून ठेवतात. ही रेघ कधी शंका घेत नाही. जे काढील ते ठामपणे काढते, मग ते खरे असो वा खोटे.

टिनटिन १० जानेवारी १९२९ रोजी एका कॅथलिक वृत्तपत्राच्या बालपुरवणीतून अवतरला. १९३० साली त्याची स्वारी बेल्जियमच्या ताब्यातील काँगोत गेली. एर्जे स्वतः काँगोला गेलेला नव्हता. त्या गोष्टीत एक शाळेचा प्रसंग आहे. मी पेशाने मास्तर, त्यामुळे तो माझ्या विशेष लक्षात राहिला. टिनटिन मिशनच्या शाळेत बदली मास्तर म्हणून उभा राहतो आणि समोरच्या काळ्या मुलांना सांगतो की आज आपण तुमच्या देशाविषयी, बेल्जियमविषयी, शिकू. १९४६ मध्ये हे पुस्तक रंगीत होऊन नव्याने निघाले तेव्हा हा धडा गळला. त्या जागी बेरीज आली: दोन अधिक दोन किती? गणित निरुपद्रवी खरे! पण बाकांवरची मुले तशीच राहिली, त्यांचे फुगवलेले ओठ तसेच राहिले. फळ्यावरचा मजकूर पुसता येतो, तशी चित्रातली नजर पुसता येत नाही. एर्जेने पुढे या पुस्तकाला आपल्या तरुणपणाचे पाप म्हटले, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

आपल्या वाट्यालाही थोडे आले आहे. १९३२ ते १९३४ मधल्या 'फेरोच्या चिरुटां'च्या गोष्टीत टिनटिन हिंदुस्थानात येतो. येथे महाराजे आहेत, फकीर आहे, वाघ आहे, आणि टिनटिन लाकडाची तुतारी कोरून हत्तींशी त्यांच्या भाषेत बोलतो. हे वाचून आपण हसतो, कारण आता आपल्याला हसणे परवडते. काँगोतल्या मुलाला आपल्या चित्राकडे पाहून तसे हसता येईल की नाही, याविषयी मला शंका आहे.

यानंतर १९३४ च्या मे महिन्यात एक भेट झाली. टिनटिन आता चीनला जाणार असे जाहीर झाले होते, आणि एर्जेला कोणीतरी सुचविले की चीनविषयी लिहिण्यापूर्वी एखाद्या चिनी माणसाशी तर बोला! ब्रुसेल्सच्या कला अकादमीत झांग चोंगरेन नावाचा चिनी विद्यार्थी शिल्पकला शिकत होता. वयाने एर्जेच्याच जोडीचा. तो एर्जेकडे येऊ लागला, चिनी कुंचला कसा धरतात ते दाखवू लागला, आपल्या देशात काय चालले आहे ते सांगू लागला. त्यातून 'निळे कमळ' झाले. त्यातील पाट्यांवरची चिनी अक्षरे झांगच्या हातची आहेत. ब्रुसेल्सच्या मुलांना ती नुसती नक्षी वाटली असेल; वाचता येणाऱ्याला त्यांत साम्राज्यशाहीचा धिक्कार दिसतो. सप्टेंबर १९३१ मध्ये जपान्यांनी मुकदेनजवळ स्वतःच रूळ उडवून चिन्यांवर आळ घेतला, तो प्रसंगही या मुलांच्या पुस्तकात आहे. आणि पुरातून वाचविलेल्या चांग नावाच्या मुलाबरोबर टिनटिन बसतो, ते पान तर मला सर्वांत आवडते. तुमच्याविषयी आमच्याकडे काय काय समजतात आणि आमच्याविषयी तुमच्याकडे काय, याची दोघे यादी करतात आणि खो खो हसतात. काँगोच्या वर्गात जो मास्तर नापास झाला होता तो येथे, शाळेबाहेर, नदीकाठी पास झाला. तरी पूर्ण गुण देता येत नाहीत. याच पुस्तकातल्या जपान्यांचे दात पाहा! एका जातीवरून उठलेली नजर दुसरीवर जाऊन बसली.

युद्धकाळाविषयी थोडक्यात सांगतो. बेल्जियम जर्मनांच्या हाती गेल्यावर एर्जे 'ल स्वार' या जर्मनांच्या ताब्यातील वृत्तपत्रात टिनटिन काढीत राहिला. १९४१-४२ च्या उल्केच्या गोष्टीत त्याने एक दुष्ट सावकार काढला, ज्यूंची टिंगल करणाऱ्या चित्रांत असते तशा नाकाचा आणि ज्यू नावाचा. ते नाव नंतर बदलले. ज्या वर्षांत त्याच देशातून ज्यूंना आगगाडीत भरून मरणाकडे पाठवीत होते त्या वर्षांतले हे चित्र आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये देश मुक्त झाला, एर्जेला अटक झाली, सुटला, आणि १९४६ मध्ये 'टिनटिन' साप्ताहिक निघेपर्यंत कोणत्याही पत्राचे दार त्याला उघडे नव्हते. कोणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हा कडू घास कशाला? पण ही पुस्तके आपण कौतुकाने मुलांच्या हाती देतो. मी ती काढून घ्या म्हणत नाही. शेजारी बसून वाचा, एवढेच म्हणतो.

आणि वाचाच. कारण याच माणसाने 'तिबेटात टिनटिन' काढले. सप्टेंबर १९५८ ते नोव्हेंबर १९५९ ते साप्ताहिकात आले, १९६० मध्ये पुस्तक झाले. त्या दिवसांत एर्जेचा संसार मोडत होता, आणि त्याला रात्री नुसती पांढरीशुभ्र स्वप्ने पडत. ज्या मनोवैद्याकडे तो गेला त्याने सल्ला दिला की काम बंद करा. एर्जेने काम बंद केले नाही. त्या पांढऱ्या रंगालाच त्याने कागदावर जागा दिली.

गोष्ट अगदी साधी आहे. हिमालयात विमान कोसळले, चांग त्यात होता, सारे म्हणतात तो मेला, टिनटिन म्हणतो जिवंत आहे. खलनायक कोणीच नाही. आरंभी आल्प्समधल्या हॉटेलच्या दिवाणखान्यात टिनटिन बुद्धिबळाच्या पटापुढे पेंगतो आणि झोपेत 'चांग!' म्हणून ओरडतो. त्या एका मोठ्या चौकटीत खोलीतला यच्चयावत माणूस दचकला आहे, आणि प्रत्येकाचे दचकणे निराळे आहे. मी हे चित्र वर्गात दाखविले होते. मुलांनी दचकणारी माणसे एकेक करून शोधली, तास संपला तरी कोणी उठेना. मग दिल्ली येते. कुतुबमिनार आणि लाल किल्ला ओळखता येतील असे आहेत, आणि रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडू पाहणारा कॅप्टन तिच्या पाठीवरून वरात काढून घेतो. काठमांडूत वाळत घातलेल्या लाल मिरच्या तो तोंडात टाकतो. पुढचे मराठी वाचकाला सांगायला नको. हा विनोद आपल्यावरचा नाही, कॅप्टनवरचा आहे. हत्तींच्या तुतारीपासून हा मनुष्य किती लांब आला ते येथे कळते.

मग बर्फ सुरू होते. पानामागून पान पांढरे. ठाम रेघेला येथे टेकायलाच काही नाही. तीन ठिपक्यांएवढी माणसे आणि पावलांचे ठसे. कड्यावर दोराच्या एका टोकाला कॅप्टन लोंबतो आहे, दुसऱ्या टोकाला टिनटिन. दोघे मरण्यापेक्षा एक मेलेला बरा म्हणून कॅप्टन स्वतःच दोर कापायला चाकू काढतो. नेहमी शिव्यांचा पाऊस पाडणारा हा दारूबाज म्हातारा येथे फार थोडे बोलतो. आणि ज्या यतीच्या पावलांना सारे पुस्तकभर भ्यायचे, त्यानेच चांगला अन्न देऊन जगविले होते. शेवटच्या चित्रात माणसांचा तांडा दूर निघून चालला आहे आणि तो एकटा उभा राहून पाहतो आहे. काँगोच्या माणसांना माणूसपण न देणारी ही रेघ एका जनावराला ते देऊन थांबते. तिला यायला सुमारे तीस वर्षे लागली.

येथे कोणी विचारील, अ‍ॅस्टेरिक्स कोठे आहे? गोसिनी आणि उदेर्झो यांनी २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत'च्या पहिल्या अंकात त्याला आणले. ते दोघे मला आवडतात. उदेर्झोच्या हाताला लठ्ठपणाचा आनंद ठाऊक होता. ओबेलिक्सचे पोट त्याशिवाय निघाले नसते, तेही रंगांधळ्या माणसाकडून. शेवटी चांदण्यात पंगत, आणि भसाड्या गवयाला बांधून ठेवलेला! घरातल्या सर्वांनी मिळून वाचावे असे हेच. पण त्याने माझी झोप कधी उडविली नाही. ते काम फ्रांकँने केले.

फ्रांकँची रेघ पहिल्यापासून हलती. १९४६ मध्ये 'स्पिरू' साप्ताहिकातली स्पिरूचीच चित्रमालिका त्याच्या हाती आली. १९५२ मध्ये त्याने लांबलचक शेपटीचा मार्सुपिलामी काढला, आणि ती शेपटी एकदाही स्वस्थ बसली नाही. २८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याच साप्ताहिकाच्या पानात एक अनोळखी पोरगा दिसला. कोण, कशाला आला, कोणी नेमला, काही खुलासा नाही. हाच गास्तों. साप्ताहिकाच्या कचेरीत नोकर, आणि काम सोडून सर्व काही करणारा. अंगात हिरवा लोकरी स्वेटर, पाठीला पोक, चाल अशी की हाडे घरी विसरून आला आहे. त्याने एक अगडबंब तंतुवाद्य बनविले आहे; ते छेडले की भिंतीचा गिलावा पडतो. द मेस्मेकर नावाचे धनिक करारावर सही करायला येतात आणि दर खेपेस गास्तोंच्या कोणत्या तरी उद्योगापायी सही राहून जाते. वर्षानुवर्षे! एक विनोद इतक्या वेळा सांगायचा आणि शिळा होऊ द्यायचा नाही, हे आपल्याकडच्या तमाशातल्या सोंगाड्याला साधते, आणि याला साधले.

शि. द. फडणिसांची शब्दावाचून हसविणारी चित्रे पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला गास्तों परका वाटणार नाही. फरक एवढाच की फडणिसांच्या चित्रात जग शांतपणे वेडे असते आणि फ्रांकँच्या चित्रात ते उकळत असते. त्याचा धूर नुसता धूर नाही, त्याला घुसमट आहे. आवाजाला वजन आहे. साहेब चिडले की त्यांच्या चष्म्यापासून बुटांपर्यंत सर्व काही चिडते. पानाच्या कोपऱ्यातली सहीसुद्धा त्या दिवशीच्या फजितीत सामील होते. एर्जेच्या चित्रात आपण कोठे आहोत ते कळते. फ्रांकँच्या चित्रात त्या क्षणी अंगाला काय होते ते कळते. एर्जेनेच एका मुलाखतीत कबूल केले होते की फ्रांकँपुढे मी सामान्य रेघोट्या ओढणारा. लोक हा त्याचा विनय समजतात. मला ते चांगल्या कारागिराने केलेले सरळ मूल्यमापन वाटते.

हे हसू फुकट आलेले नव्हते. १९६१ च्या अखेरीस आजारपण आणि खिन्नता यांनी फ्रांकँला असे घेरले की चालू गोष्ट अर्ध्यावर थांबली आणि वर्षाहून अधिक काळ तशीच राहिली. पुढे स्पिरू त्याने सोडून दिला. गास्तों सोडला नाही. आणि १९७७ मध्ये त्याने 'काळे विचार' या नावाची चित्रे सुरू केली. यात माणसे नाहीत, नुसत्या काळ्या आकृती आहेत, शाईत बुडवून काढल्यासारख्या. पण त्या काळ्या आकृतींच्या कडांनाही त्याच जुन्या हलत्या रेघेचे केस आणि काटे फुटलेले. अणुबाँब, शिकारी, सेनापती, धुराडी, कोणालाही सूट नाही.

त्यातील एक पान असे आहे. कायदा सांगतो की जो जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव घेईल त्याचे डोके उडवावे. खुन्याचे डोके उडते. मग ज्या जल्लादाने ते जाणूनबुजून उडविले त्याला आणतात, कारण कायदा स्पष्ट आहे. त्याचेही उडते. मग त्याच्या जल्लादाला आणतात. हे पान लहान मुलांना दाखवू नये. मोठी माणसे प्रथम हसतात, आणि मग पान उलटायच्या आधी पुन्हा पहिल्या चौकटीकडे जाऊन कायद्याचे शब्द तपासतात. मीही तपासले. शब्दांत कोठे चूक नाही.