निरीक्षण खरे, निष्कर्ष घाईचा

ओटो वॉरबर्ग यांचा कर्करोगपेशींच्या उगमावरील १९५६ सालचा निबंध शिक्षकांनी वाचावा, पण डोळसपणे. प्राणवायू असतानाही कर्करोगपेशी पुष्कळसे ग्लुकोज आंबवून त्याचे लॅक्टिक आम्ल करतात, हे त्यांचे निरीक्षण खरे ठरले. पेशीचे श्वसन कायमचे बिघडल्यानेच कर्करोग होतो, हा निष्कर्ष मात्र टिकला नाही. अनेक कर्करोगपेशींत श्वसन चालूच असते.

त्या निरीक्षणाचा उपयोग आमच्या भायखळ्याहून तीन स्थानकांवर, परळच्या टाटा रुग्णालयात दिसतो. पेट तपासणीत ग्लुकोजसारखा किरणोत्सारी रेणू टोचतात. हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. मग तो पेशीत अडकतो आणि गाठ चित्रात उजळते. पण मेंदूही उजळतो! ग्लुकोज निरोगी पेशींनाही लागतेच.

हे न सांगता ‘साखर तोडा, कर्करोग उपाशी मारा’ असा सल्ला दिला जातो. आमच्या आसपास रुग्णाचा भातही बंद झालेला आम्ही पाहतो. यकृत रक्तातील ग्लुकोज टिकवून धरते; घटते ते रुग्णाचे वजन. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील अंतर वर्गात शिकवायला याहून चांगला धडा आम्हांला दिसत नाही.