‘लोहचुंबकीय’ या पारिभाषिक संज्ञेचा अर्थ आणि उपयोग : एक चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानातील पारिभाषिक संज्ञा ही इंग्रजी शब्दाला दिलेली केवळ पर्यायी खूण नसते. विद्यार्थ्याच्या मनात संकल्पनेचा पहिला आकार तीच घडविते. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात असलेल्या एकोडीसारख्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा मराठीतून विज्ञान शिकून आलेला असतो आणि पुढील अभ्यास त्याला इंग्रजीतून करावा लागतो. मराठी संज्ञेने दिलेला अर्थ तो सोबत घेऊनच इंग्रजी पुस्तक उघडतो. या दृष्टीने ‘फेरोमॅग्नेटिक’ या शब्दासाठी रूढ झालेल्या ‘लोहचुंबकीय’ या पर्यायाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संज्ञेची घडण :

‘लोहचुंबक’ हा शब्द मराठी व्यवहारात पूर्वीपासूनच रुळलेला आहे. लोहाचे चुंबन घेणारा, म्हणजेच लोखंडाला आपल्याकडे ओढणारा, असा त्याचा विग्रह होतो. ‘फेरोमॅग्नेटिक’ या शब्दाला मात्र ‘लोखंडात आढळते त्या प्रकारचे चुंबकत्व असलेला’ असा अर्थ अभिप्रेत आहे. ‘लोहचुंबकीय’ या एकाच रूपात हे दोन्ही अर्थ येऊन बसतात. इंग्रजीत वस्तूसाठी ‘मॅग्नेट’ आणि गुणधर्मासाठी ‘फेरोमॅग्नेटिक’ असे वेगळे शब्द असल्याने हा घोटाळा तेथे होत नाही.

याचा परिणाम किरकोळ नाही. साधा खिळा दुसऱ्या खिळ्याला ओढत नाही. तेव्हा तो लोहचुंबकीय नाही, असे उत्तर विद्यार्थ्याने दिले तर शब्दार्थाच्या दृष्टीने ते बिनचूक आहे आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर व्हाइस यांनी १९०७ साली मांडलेल्या विचारानुसार अशा पदार्थाच्या प्रत्येक सूक्ष्म क्षेत्रात अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेला वळलेले असते. परंतु निरनिराळ्या क्षेत्रांच्या दिशा भिन्न असल्याने एकूण परिणाम शून्यवत होतो. खिळा चुंबक नाही, तरीही तो लोहचुंबकीय आहे. आपली संज्ञा नेमका हाच भेद झाकून टाकते.

लोह आणि लोहचुंबकत्व :

संज्ञेतील ‘लोह’ हे पदही तितकेच फसवे आहे. हा दोष मूळ लॅटिन शब्दातूनच आलेला असल्याने तो एकट्या मराठीच्या माथी मारता येणार नाही. निकेल व कोबाल्ट यांत लोखंड नसते, तरी ते लोहचुंबकीय आहेत. उलट लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापविले की हा गुण गमावते. फ्रिट्झ हॉयस्लर यांनी १९०३ मध्ये तांबे, मँगॅनीज व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू प्रसिद्धीस आणला. या तिघांपैकी एकही धातू लोहचुंबकीय नाही. त्यांचा मिश्रधातू मात्र आहे. गॅडोलिनियम या धातूचा क्युरी तापमानबिंदू सुमारे २० अंश आहे. म्हणजे हा धातू एकोडीत डिसेंबरच्या पहाटे लोहचुंबकीय असेल आणि मे महिन्याच्या दुपारी नसेल. तात्पर्य, ही संज्ञा पदार्थातील घटकाची नसून अणूंच्या परस्परसंबंधाने निर्माण होणाऱ्या एका अवस्थेची आहे.

जिल्ह्यातील उदाहरणे :

या विवेचनास भंडारा जिल्ह्याबाहेर उदाहरणे शोधण्याची गरज नाही. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. चुंबक भांड्याला चिकटला तर आत लोखंड आहे, ही ग्राहकाची परीक्षा शास्त्रीय आहे; कारण पितळेतील तांबे व जस्त हे दोन्ही प्रतिचुंबकीय धातू आहेत.

तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मॉयलच्या मँगॅनीज खाणी आहेत. मँगॅनीज डायऑक्साइड हे खनिज सामान्य तापमानास समचुंबकीय असून चुंबकाकडे अतिशय क्षीणपणे ओढले जाते. परंतु त्याच खनिजपट्ट्यातील, नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील एक तीव्र चुंबकीय मँगॅनीज खनिज एल. एल. फर्मर यांनी वर्णिले आणि भूवैज्ञानिक व्रेडेनबर्ग यांच्या नावावरून त्यास ‘व्रेडेनबर्गाइट’ हे नाव दिले. हे एकच खनिज नसून जेकबसाइट व हाउसमनाइट यांची गुंफण आहे, असे पुढे दिसून आले. यातील जेकबसाइट हे लोह व मँगॅनीज यांचे ऑक्साइड फेरीचुंबकीय आहे.

येथे एक विसंगती समोर येते. लुई नील यांनी १९४८ मध्ये दाखविले की, काही पदार्थांत शेजारच्या अणूंचे चुंबकत्व परस्परविरुद्ध, परंतु असमान असते व शिल्लक राहिलेला भाग बाहेर जाणवतो. हेच फेरीचुंबकत्व होय. मॅग्नेटाइट याच वर्गात मोडते. म्हणजे ज्या नैसर्गिक दगडाला आपण प्रथम ‘लोहचुंबक’ म्हटले, तो काटेकोर अर्थाने लोहचुंबकीय नाही.

‘प्रति’ या उपसर्गाचा प्रश्न :

‘प्रतिचुंबकीय’ पदार्थ चुंबकापासून किंचित दूर लोटला जातो. ‘प्रतिलोहचुंबकीय’ पदार्थात मात्र लगतच्या अणूंची चुंबकत्वे परस्परांस छेद देतात. तो पदार्थ चुंबकापासून दूर लोटला जात नाही. एकाच उपसर्गाचे हे दोन अर्थ स्वतंत्रपणे समजावून दिले नाहीत, तर विद्यार्थी दोन्ही वर्ग एकच मानतो. त्यातच बालाघाटलगतच्या या भागात हिंदी पुस्तकेही वापरली जातात. मराठीतील ‘समचुंबकीय’ तेथे ‘अनुचुंबकीय’ होतो आणि गोंधळात भर पडते.

निष्कर्ष :

रूढ संज्ञा मोडीत काढून नवी घडविणे हा यावरील उपाय नव्हे. कारण त्यामुळे जुनी पुस्तके विद्यार्थ्याला परकी होतील. वापरात शिस्त आणणे मात्र आपल्या हाती आहे. वस्तूसाठी वर्गात व प्रश्नपत्रिकेत केवळ ‘चुंबक’ हा शब्द योजावा. ‘लोहचुंबकीय’ ही संज्ञा गुणधर्मापुरती राखावी आणि ती तापमानाच्या संदर्भासह शिकवावी. ‘फेरीचुंबकीय’ हा शब्द जसाच्या तसा स्वीकारून त्यात पुन्हा ‘लोह’ आणण्याचा मोह टाळावा. पितळी भांडे, खिळा आणि मँगॅनीजचा खडा चुंबकाजवळ नेऊन त्यानंतर संज्ञा सांगितली, तर अर्थ आधी आणि शब्द नंतर येईल. आपल्या वर्गांत हा क्रम बहुतांशी उलटा असतो. मराठी परिभाषा अवघड असल्याच्या तक्रारीचे एक कारण या उलट्या क्रमातही शोधावे लागेल.