तिसऱ्या आकड्यातला एक बिट

‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००५), सतराव्या प्रकरणात, ‘स्नल’ नावाचं छोटं नेटवर्क मॉड्यूल आहे. कर्नलमध्ये पॅकेट पाठवण्याचं आणि ते हरवलं की शोधण्याचं शिक्षण देणारं याहून देखणं लेखन मी वाचलेलं नाही.

स्नलमागे कुठलंही कार्ड नाही. ते दोन इंटरफेस उभे करतं. एकातून गेलेलं पॅकेट दुसऱ्यातून येतं. अडचण अशी, की पत्ता याच यंत्राचा आहे हे कळताच कर्नल पॅकेट परस्पर लूपबॅककडे वळवतं आणि ड्रायव्हरच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून स्नल पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्याचा शेवटचा बिट उलटवतं, पाठवणाऱ्याचाही आणि घेणाऱ्याचाही. १९२.१६८.०.१ कडून १९२.१६८.०.२ ला निघालेलं पॅकेट पलीकडे १९२.१६८.१.१ कडून १९२.१६८.१.२ ला आलेलं दिसतं. दोन ओळी, आणि दोन वेगळी नेटवर्क!

खरी गंमत लगेच पुढे आहे. दोन्ही पत्ते एकाच दिशेनं सरकल्यामुळे फरक एकमेकांत मिटत नाही, आयपी हेडरची बेरीज बदलते. म्हणून चेकसम शून्य करून पुन्हा मोजला आहे. ही ओळ गाळली तर? टीसीपीडंपमध्ये पलीकडच्या इंटरफेसवर पॅकेट धडधाकट येताना दिसतं, पण पिंगला उत्तर येत नाही. टीसीपीडंप ते आयपीच्या तपासणीआधीच पाहतं. तपासणीत ते मुकाट्यानं टाकलं जातं. पुरावा मिळतो तो असा: प्रॉक फाइलसिस्टीममधला, हेडरच्या चुका मोजणारा आकडा वाढत राहतो. टीसीपीच्या चेकसममध्येही पत्ते असतात. तो मात्र स्नल मोजत नाही, घेताना ‘तपासू नका’ अशी खूण करतं. शेजारच्या टिपणीत तसं लिहिलंही आहे. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

आणि ‘लॉकअप’. हे पॅरामीटर दिलं, की ठरावीक पॅकेटांनंतर स्नल पाठवणी पूर्ण झाल्याचा इंटरप्ट मुद्दाम गिळतं आणि रांग थांबवतं. खऱ्या कार्डावर असा बिघाड कधी भेटेल याचा नेम नाही. इथे तो हुकमी येतो. मग कर्नलचा वॉचडॉग जागा होतो, टाइमआउटचं फंक्शन चालतं. ते हरवलेल्या इंटरप्टचं सोंग स्वतःच वठवतं, चुकांच्या मोजणीत एक मिळवतं आणि रांग पुन्हा सुरू करतं. ही शेवटची पायरी विसरली तर इंटरफेस चालू दिसतो आणि पॅकेट एकही बाहेर पडत नाही. दुखणं आणि उपचार इतके शेजारी-शेजारी लिहायला मोठी समज लागते.

छोट्या पॅकेटाला साठ बाइटांपर्यंत शून्यांनी भरण्याची दक्षताही आहे; नाहीतर मेमरीतला जुना मजकूर तारेवर जातो.

पुस्तक २.६.१० कर्नलचं आहे, आजच्या कर्नलवर कोड थोडा बदलावा लागेल. ते मोफत वाचायला मिळतं. बदला, चालवा, आणि चेकसमची ती ओळ एकदा काढून पाहा.