युद्धकालीन गोद्यांतील राजभेटींचीं वृत्तें : एक साधनचिकित्सा

पहिल्या महायुद्धांत इंग्लंडचा राजा पांचवा जॉर्ज यानें जहाजबांधणीच्या गोद्यांना वारंवार भेटी दिल्या व त्यामुळें कामगारांस हुरूप येऊन काम झपाट्यानें होऊं लागलें, असें विधान पुष्कळदां करण्यांत येतें. यांतील पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्धास आधार कोणता, हें मात्र क्वचितच तपासलें जातें. या भेटींचीं छायाचित्रें, पदकें व वृत्तपत्रांचीं कात्रणें संग्राहकांच्या हातीं येत असतात. तेव्हां त्यांचें प्रामाण्य कितपत मानावें, याचा विचार करणें अवश्य आहे.

(१) साधनांचें स्वरूप. प्रस्तुत साधनें मुख्यत्वें चार प्रकारचीं आहेत. पहिलें, दरबारचें छापील दिनवृत्त. तें आपल्याकडील शकावलीसारखें असून तिथि, स्थळ व मंडळी यांपुरतें पूर्ण विश्वसनीय आहे. दुसरें, वृत्तपत्रें, पण ऑगस्ट १९१४ मध्यें झालेल्या राज्यसंरक्षणाच्या कायद्यानें त्यांच्यावर नियंत्रण आलें होतें. तिसरें, छायाचित्रें व चलच्चित्रें. यांत काय टिपावें हें टिपणाऱ्याच्या व परवानगी देणाऱ्याच्या हातीं. चौथें, चरित्रग्रंथ. हॅरल्ड निकल्सन यानें विंडसर येथील कागद पाहून लिहिलेलें अधिकृत चरित्र १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. असत्य एक शब्दही लिहूं नये, परंतु कमीपणा आणणाऱ्या गोष्टी गाळाव्या, अशी समज आपणांस राजाच्या चिटणिसाकडून मिळाल्याचें निकल्सननेंच आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. तात्पर्य, चारही साधनें भेट देणाऱ्याच्या बाजूचीं आहेत. ज्याच्या मनावर परिणाम झाला असें सांगितलें जातें, तो रिबिटें ठोकणारा कामगार यांपैकीं एकाही कागदांत स्वतः बोलत नाहीं.

(२) मे १९१५ ची भेट. या महिन्यांत राजा क्लाइड व टाइन या नद्यांकाठच्या गोद्यांत गेला. नुसतें वृत्त वाचल्यास हा एक आनंदसोहळा वाटतो. परंतु मागचेपुढचे कागद जोडले असतां चित्र पालटतें. फेब्रुवारी १९१५ मध्यें क्लाइडकांठच्या हजारों यंत्रकामगारांनीं तासामागें दोन पेन्स वाढीसाठीं संप केला होता. शेवटीं एक पेनी पदरांत पडली. ता. २९ मार्च रोजीं गोदीमालकांचें शिष्टमंडळ लॉइड जॉर्ज यास भेटलें व दारूमुळें कामाचे तास बुडतात, सबब दारूबंदी करावी, अशी मागणी त्यानें केली. त्यावर राजानें एप्रिलपासून आपल्या वाड्यांत मद्य वर्ज्य केलें. पंतप्रधान अॅस्क्विथ यानें तो कित्ता गिरविला नाहीं, ही गोष्ट वेगळी. म्हणजे मे महिन्यांतली भेट ही संतोषाची खूण नसून चिंतेची खूण आहे.

पुढील क्रमही ध्यानांत घेण्याजोगा आहे. जुलैमध्यें युद्धसाहित्याचा कायदा होऊन संपास मनाई झाली व दाखल्यावांचून काम सोडणें कामगारास दुर्घट झालें. ऑगस्टमध्यें गोव्हन येथील फेअरफील्ड गोदींत संप झाला. सतरा जहाज-सुतारांस दंड झाला व तो न भरल्यामुळें त्यांपैकीं तिघे तुरुंगांत गेले. नोव्हेंबरांत घरभाड्याच्या वाढीविरुद्ध ग्लासगोच्या स्त्रिया व गोदीकामगार न्यायकचेरीवर चालून गेले, आणि डिसेंबरांत भाडीं युद्धारंभींच्या दरावर स्थिर करणारा कायदा सरकारास करावा लागला. भेटीनें गाऱ्हाणीं मिटलीं असतीं तर हे कागद निर्माणच झाले नसते.

(३) एक कसोटी. राजभेटींच्या वृत्तांवर सरकारी नियंत्रणाचा परिणाम किती झाला असेल, हें पाहण्यास त्याच शहरांतील एक प्रसंग उपयोगी पडतो. ता. २५ डिसेंबर १९१५ रोजीं लॉइड जॉर्जनें ग्लासगो येथें कामगारांपुढें भाषण केलें. इतर पत्रांत सरकारमान्य वृत्त आलें. ‘फॉरवर्ड’ या समाजवादी पत्रानें मात्र सभेंत उडालेल्या गोंधळाचें सविस्तर वर्णन छापलें, व त्याबद्दल जानेवारी १९१६ मध्यें तें पत्र सरकारनें बंद पाडलें. प्रधानाच्या सभेची ही अवस्था, तर राजाच्या भेटीचें प्रतिकूल वर्णन सांपडत नाहीं म्हणून तसें कांहीं घडलेंच नाहीं, असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. घडलेंच असलें पाहिजे, असें म्हणणेंही तितकेंच निराधार होय.

(४) दुसऱ्या टोकाचा दोष. कित्येक टीकाकार या भेटी म्हणजे निव्वळ देखावा असें ठरवून मोकळे होतात. तेंही ग्राह्य नाहीं. एप्रिल १९१७ या एका महिन्यांत जर्मन पाणबुड्यांनीं साडेआठ लाख टनांवर जहाजें बुडविलीं. त्यामुळें गोदींतील प्रत्येक हाताचें मोल वाढलें. मे महिन्यांत यंत्रकामगारांचे मोठे संप झाले. ता. ४ जून रोजीं ब्रिटिश साम्राज्याचा नवा मानसंप्रदाय स्थापन झाला व त्याच्या पदकास सामान्य कामगारही पात्र ठरला. सप्टेंबरांत राजानें ग्लासगोच्या आयब्रॉक्स येथील चेंडूच्या मैदानावर मानचिन्हें वाटण्याचा समारंभ केला. वाड्यांतला समारंभ मैदानावर आला, ही राजसंस्थेच्या वर्तनांतील खरी घडामोड आहे. फ्रँक प्रोचास्का यानें १९९५ सालच्या आपल्या ग्रंथांत राजघराणें व श्रमिकवर्ग यांच्या या नव्या संबंधाची चर्चा केली आहे. कामगार बदलला कीं नाहीं हें सांगतां येत नसलें, तरी राजा बदलला हें या साधनांवरून निश्चित सांगतां येतें.

(५) निष्कर्ष. बखरीतील स्तुतीला समकालीन पत्राचा दुजोरा मागण्याची आपली रीत येथेंही लावली पाहिजे. राजभेटीचें वृत्त हें भेटीचें प्रमाण होय, तिच्या फळाचें नव्हे. फळ पाहावयाचें तर हजेरीपट, मजुरीच्या वह्या, कामगारसंघांचीं इतिवृत्तें व लवादाचे निवाडे शोधले पाहिजेत. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, छायाचित्र ठेवून मागचा पुठ्ठा टाकूं नये. त्यावरील शिक्का, तारीख व परवानगीचा शेरा हाच पुष्कळदां त्यांतील खरा लेख असतो. आणि राजाच्या चित्राबरोबर त्याच गोदीच्या दंडाची पावती मिळाली, तर तीं दोन्ही एकाच बस्त्यांत बांधावीं.